नव्याने रंगवलेल्या गाडीचे घरच्या घरी बफिंग आणि पॉलिशिंग

गॅरेजमधून रंगवून आणलेल्या गाडीचे बॉनेट दुरून चकचकीत दिसते. पण त्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब न्याहाळले, तर त्याच्या कडा सरळ नसून लहरी आणि तुटक असल्याचे लक्षात येते. कारखान्यात रंग गाळलेल्या हवेच्या बंदिस्त दालनात फवारला जातो आणि भट्टीत पक्का होतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाळ्यांमध्ये मात्र पेंटरला फरशीवर पाणी शिंपडून, शटर अर्धे ओढून, मिळेल त्या हवेत काम करावे लागते. फवाऱ्याचे थेंब पूर्ण सपाट पसरण्याआधीच घट्ट होऊ लागले, तर पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल पोत येतो, ज्याला पेंटर ‘ऑरेंज पील’ म्हणतात. हवेतले कण ओल्या थरात रुतून बसतात आणि हात थोडा जड पडला, तर दरवाजासारख्या उभ्या भागावर ओघळ येतात. हे दोष सहसा सर्वांत वरच्या थरात असतात आणि तो थर काळजीपूर्वक घासला, तर घरच्या घरीही काढता येतात.

पॉलिश केल्याने रंगावर काहीतरी चढते, असा एक रूढ समज आहे. प्रत्यक्षात वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा बारीक घासकागद), कंपाऊंड (रंग घासून कापणारी पेस्ट) आणि पॉलिश या तिन्हींमुळे थर कमीच होतो. दोन हात मारलेल्या क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची, जाडी साधारण ५० ते ६० मायक्रॉन असते आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात. माझ्या मते घरी काम करणाऱ्याने सगळे टप्पे मिळून दहा मायक्रॉनच्या आसपास थांबावे. म्हणून कुठे घासायचे यापेक्षा कुठे थांबायचे, हे या कामात अधिक महत्त्वाचे ठरते.

रंग कोणता आणि किती वाळला

गाडी ताब्यात घेताना पेंटरला तीन गोष्टी विचाराव्यात: क्लिअर टू-के, म्हणजे हार्डनर (थर कडक करणारे द्रव्य) मिसळून मारलेले होते का, त्याचे किती हात दिले, आणि गाडी भट्टीत तापवली की हवेवर वाळवली. आपण स्वतः बफिंग (पॅडने घासून चमक आणणे) करणार आहोत हे रंगकामाआधीच सांगितले आणि क्लिअरचा एक जादा हात मागून घेतला, तर पुढचे काम बरेच निर्धास्तपणे करता येते.

उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूसारख्या लपलेल्या, पण त्याच वेळी रंगवलेल्या जागी थिनरमध्ये बुडवलेले पांढरे फडके हलकेच टेकवून पाहावे. पूर्ण पक्का झालेला टू-के थर सहजासहजी विरघळत नाही. हार्डनर नसलेले वन-के क्लिअर किंवा जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मात्र लगेच चिकट होतो. असा थर घर्षणाच्या उष्णतेनेही मऊ पडतो, म्हणून तिथे मशीन टाळून हातानेच हलके पॉलिश करावे. गाडीचा रंग साधा पांढरा किंवा लाल असून त्यावर वेगळे क्लिअर मारलेले नसेल, तर पॉलिश करताना फडक्याला रंग लागणे स्वाभाविक आहे. क्लिअर असलेल्या गाडीत मात्र फडक्यावर रंग दिसणे म्हणजे क्लिअर फुटल्याची खूण आहे. मेटॅलिक रंग क्लिअरशिवाय मारलेला असेल, तर त्याला वॉटर पेपर लावूच नये, कारण त्यातली ॲल्युमिनियमची पत्री उघडी पडून ठिपके उमटतात.

थांबण्याच्या कालावधीबद्दल क्लिअरच्या उत्पादकाचे माहितीपत्रक हाच अंतिम आधार मानावा. सर्वसाधारणपणे साठ अंश सेल्सियसला अर्धा तास भट्टीत तापवलेले टू-के क्लिअर थंड झाल्यावर पॉलिश करता येते आणि वीस अंशांच्या आसपास हवेवर वाळलेले क्लिअर दुसऱ्या दिवसापासून घासण्याजोगे होते. नाशिक-पुण्याच्या हिवाळी रात्रीत ही रासायनिक क्रिया मंदावते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, अडचण वेगळी असते: हवेतील बाष्प हार्डनरमधल्या आयसोसायनेटशी स्वतःच क्रिया करते, त्यामुळे थर जितका पक्का व्हायला हवा तितका होत नाही. अशा दिवसांत रंगवलेल्या गाडीला आणखी तीन-चार दिवस द्यावेत. स्प्रेच्या डब्यातील वन-के क्लिअरला किमान एक-दोन आठवडे लागतात.

फार लवकर घासले, तर पेपर भरून येतो, रंगाच्या गोळ्या होतात आणि आतले द्रावक पुढे उडून जाताना थर आकसतो, त्यामुळे गेलेले ओरखडे आठवड्याभरात पुन्हा दिसू लागतात. फार उशीर केला, तर क्लिअर इतके कडक होते की तेच ओरखडे काढायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून हवेवर वाळलेल्या टू-के क्लिअरसाठी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठवड्याभरापर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. लपलेल्या जागी नख दाबून पाहावे. खूण राहिली किंवा जवळ गेल्यावर थिनरचा वास आला, तर काम पुढे ढकलावे.

सामान

१५००, २००० आणि ३००० नंबरचा चांगल्या प्रतीचा वॉटर पेपर, एक मऊ रबरी ठोकळा आणि ओघळांसाठी एक लहान कडक ठोकळा लागतो. पेपर स्वस्तातला घेऊ नये, कारण त्यातला एखादाच मोठा कण असा खोल ओरखडा पाडतो की तो काढता काढता क्लिअर संपते. याशिवाय दोन बादल्या, कार शॅम्पू, मास्किंग टेप, पाणी ओढायची रबरी पट्टी, चांगली टॉर्च आणि डझनभर मायक्रोफायबर फडकी जमवावीत. फडक्यांची शिवलेली लेबले आधी कापून टाकावीत. जुने बनियन किंवा धोतराचे फडके काचेसाठी ठीक असले, तरी ताज्या क्लिअरवर ते वापरू नये.

मशीनची निवड सर्वांत महत्त्वाची आहे. रोटरी मशीनचा पॅड एकाच अक्षावर फिरतो, त्यामुळे कापण्याची शक्ती भरपूर मिळते. पण एका जागी क्षणभर जास्त टेकला, तरी क्लिअर जळते. ड्युअल ॲक्शन मशीनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरत असतानाच एका लहान वर्तुळात सरकतही असतो आणि दाब वाढला की त्याचे फिरणे मंदावते. वेळ अधिक लागतो, पण धोका फारच कमी असतो. प्रथमच हे काम करणाऱ्याने ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावे किंवा भाड्याने आणावे. घरात आहे म्हणून चार इंची अँगल ग्राइंडरला बफ पॅड लावून गाडी घासण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो, तो कटाक्षाने टाळावा. ग्राइंडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेतो आणि बफिंगच्या मशीनची कमाल मर्यादाच तीन हजारांच्या आसपास असते. त्या वेगाने रंग तर जळतोच, पण पॅड निखळून तोंडावर येऊ शकतो.

पॅड तीन प्रकारचे हवेत: कापणारा कडक फोमचा किंवा लोकरीचा, मध्यम फोमचा आणि अगदी मऊ. प्रत्येक कंपनीचे पॅडचे रंग वेगळे असतात, म्हणून रंग पाहून न घेता वर्णन वाचून घ्यावेत. कंपाऊंड एक कापणारे आणि एक फिनिशिंगचे पुरते. दोन्हींवर सिलिकॉन आणि मेण नसल्याचा उल्लेख असावा. मेण असलेले ‘रबिंग पॉलिश’ ओरखड्यांत भरून बसते, त्या दिवशी गाडी सुंदर दिसते आणि दोन धुण्यांनंतर सगळे ओरखडे उघडे पडतात. सिलिकॉनमुळे तर पुढे कधी तो भाग पुन्हा रंगवायचा झाला, तर रंग फाटून बारीक खड्डे पडतात.

जागा आणि पूर्वतयारी

गाडी सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर आणि पत्रा हाताला थंड लागेल अशा वेळी उभी करावी. उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरुवात केली, तर दहापर्यंत एक-दोन पॅनेल होतात आणि तेवढ्यावर त्या दिवशी थांबावे. दोन बादल्यांच्या पद्धतीने, म्हणजे एकीत शॅम्पू आणि दुसरीत फडके खळबळायचे साधे पाणी ठेवून, गाडी धुवावी. बोअरवेलचे जड पाणी वापरायची वेळ आली, तर ते पत्र्यावर वाळू देऊ नये, कारण क्षारांचे पांढरे डाग ताज्या क्लिअरवर पक्के बसतात.

नंतर पॅनेलच्या सर्व कडा, बॉनेटवरच्या उठावदार रेषा, दारांची हँडले, रबर आणि काळे प्लॅस्टिक यांवर मास्किंग टेप लावावा. कडांवर आणि उठावांवर रंग फवारतानाच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच येतो. घरच्या कामात क्लिअर बहुतेक वेळा कडेलाच फुटते. टेपखालची बोटभर पट्टी शेवटी टेप काढून हाताने पॉलिश करता येते.

रंगाच्या जाडीचे मापक मिळाले, तर जरूर वापरावे. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर रंगाखाली लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि प्रायमर असल्याने मापकावरचा एकूण आकडा क्लिअरबद्दल काहीच सांगत नाही. पण त्याच बिंदूवर आधीचा आणि नंतरचा आकडा यांतला फरक किती थर गेला हे सांगतो. स्वस्त मापकात दोन-चार मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणून प्रत्येक जागी तीनदा मोजून सरासरी घ्यावी. साधी मापके प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाहीत.

धूळकण आणि ओघळ

संपूर्ण पॅनेल घासण्याआधी सुटे दोष वेगळे काढावेत, कारण चार कणांसाठी सगळे बॉनेट कापण्यात शहाणपण नाही. २००० नंबरच्या पेपरचा नखाएवढा तुकडा लहान ठोकळ्याला लावून, शॅम्पूच्या पाण्याने ओला ठेवून, फक्त कणाच्या माथ्यावर फिरवावा. माथा भोवतालच्या पातळीला आला की हात थांबवावा.

ओघळ अधिक अवघड असतो, कारण त्याचा गाभा बाहेरच्या भागापेक्षा उशिरा वाळतो. त्याला इतर पॅनेलपेक्षा चार-पाच दिवस जास्त द्यावेत. त्याच्या दोन्ही बाजूंना टेप चिकटवून मधला उंचवटा कडक ठोकळ्यावरच्या १००० किंवा १२०० नंबरच्या पेपरने फक्त लांबीच्या दिशेने उतरवावा. टेप घासला जाऊ लागला की उंचवटा जवळपास संपला असे समजावे, टेप काढावा आणि उरलेले काम १५०० व २००० ने पूर्ण करावे. जाणत्या पेंटरांची आणखी एक युक्ती आहे: ओघळावर लांबीचा पातळ हात देऊन तो वाळवायचा आणि मग ठोकळ्याने घासायचे. लांबी भोवतालच्या क्लिअरचे रक्षण करते आणि तिच्यातून ओघळाचा माथा आधी वर येतो, त्यामुळे आपण नेमके किती खाली आलो हे सतत दिसत राहते.

वॉटर पेपरने घासणे

हा टप्पा आवश्यकच आहे का, हे प्रत्येक पॅनेलपुरते ठरवावे. कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीच्या रंगातही थोडा ऑरेंज पील असतोच. एकच दरवाजा रंगवला असेल आणि तो आरशासारखा सपाट केला, तर शेजारच्या मूळ रंगापुढे तो डोळ्यांत खुपतो. टॉर्चच्या प्रकाशात दोन्ही भागांचा पोत ताडून पाहावा आणि जुळत असेल, तर पेपर न लावता थेट कंपाऊंडवर जावे. पोत स्पष्टच खरखरीत असेल, तर मात्र पेपरला पर्याय नाही.

पेपर अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवावा आणि पाण्यात शॅम्पूचे काही थेंब टाकावेत. थोडासा पोत काढायला २००० पुरतो आणि जास्त असेल, तर १५०० ने सुरुवात करावी. पेपर नेहमी मऊ ठोकळ्याला गुंडाळूनच धरावा, कारण नुसत्या बोटांनी धरल्यास बोटांच्या रेषेत खोल पट्टे पडतात. सुमारे दीड फूट चौरसाचा भाग घेऊन, हलक्या दाबाने, सरळ रेषेत हात पुढे-मागे करावा. गोल घासू नये, कारण सरळ ओरखडे पुढचा नंबर आडवा फिरवला की गेले किंवा राहिले, हे लगेच ओळखता येते. पेपर हाताला अडखळू लागला, तर तो पाण्यात खळबळावा आणि खाली पडलेला तुकडा पुन्हा वापरू नये, त्याला चिकटलेला वाळूचा एक कण पुरेसा घातक असतो.

दर दहा-बारा हातांनंतर रबरी पट्टीने पाणी ओढून पृष्ठभाग पाहावा. उंच भाग मंद पांढुरके दिसतात आणि खोलगट भाग चकाकणाऱ्या ठिपक्यांसारखे उरतात. ठिपके कमी होत जातात तसा पोत सपाट होत असतो. सगळे ठिपके घालवण्याचा मोह आवरावा. दहातले नऊ गेले की थांबावे. उरलेल्या बारीक खळग्यांमुळे प्रतिबिंब बिघडत नाही. ते घालवण्यासाठी मात्र संपूर्ण भागाचे क्लिअर खर्ची पडते. घासताना निघणारे पाणी दुधाळ असावे. त्यात गाडीच्या रंगाची छटा दिसली, तर तत्काळ हात उचलावा.

१५०० नंतर २००० आणि मग ३०००, दर वेळी दिशा काटकोनात बदलत जावे. १५०० च्या पेपरमधले कण सरासरी साडेबारा मायक्रॉनचे आणि २००० चे सुमारे दहा मायक्रॉनचे असतात, म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या ओरखड्यांची खोली थोडी कमी करते. ३००० पर्यंत नीट पोहोचल्यास मशीनचे काम निम्म्यावर येते आणि उष्णताही कमी निर्माण होते. कंटाळून थेट १५०० वरून कंपाऊंडवर जाणाऱ्याला हा वाचवलेला वेळ मशीनवर दुपटीने मोजावा लागतो. शेवटी पॅनेल धुऊन, कोरडे करून, सगळीकडे एकसारखा मंद पृष्ठभाग आल्याची खात्री करावी आणि पाण्याच्या बादल्या बाजूला नेऊन मगच विजेचे मशीन बाहेर काढावे.

मशीनने बफिंग

मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे घ्यावी, म्हणजे ती रंगावर घासत नाही. डोळ्यांना चष्मा आणि नाकावर मास्क असावा. नव्या पॅडला कंपाऊंड सर्वत्र हलके चोळून घ्यावे आणि नंतर प्रत्येक भागासाठी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. जास्त कंपाऊंड घातल्याने काम लवकर होत नाही. पॅड चिकट होतो आणि कापणे उलट मंदावते.

पॅड पत्र्यावर टेकवूनच मशीन सुरू करावे, नाहीतर कंपाऊंड भिंतीपर्यंत उडते. आधी मंद वेगाने कंपाऊंड पसरवावे, मग ड्युअल ॲक्शन मशीन सहापैकी चार-पाचवर आणि रोटरी असेल, तर हजार ते पंधराशे फेऱ्यांवर ठेवावी. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढेल असा, एकदा आडवा आणि एकदा उभा असे चार ते सहा फेरे करावेत. पॅड पत्र्याशी सपाट राहिला पाहिजे. ड्युअल ॲक्शन मशीनच्या पॅडच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवली, तर पॅड फिरतो आहे की दाबाने थांबला आहे हे दिसते. थांबला असेल, तर दाब कमी करावा.

दर भागानंतर तळहाताची मागची बाजू पत्र्याला लावून पाहावी. कोमट चालते, हात मागे घ्यावासा वाटला, तर दुसऱ्या भागाकडे वळावे आणि तापलेला भाग निवू द्यावा. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, ती एका जागी साठते. म्हणून तिथे वेग आणि दाब दोन्ही कमी ठेवावेत. रोटरी वापरताना कडेजवळ पॅडची फिरण्याची दिशा पाहावी: त्याची धार पत्र्यावरून कडेबाहेर जाणारी असावी, बाहेरून कडेवर येऊन आपटणारी नसावी.

पहिला भाग पूर्ण झाल्यावर लगेच पुढे जाऊ नये. फडक्याने पुसून टॉर्च तिरकी धरावी आणि पेपरचे ओरखडे खरेच गेले का, हे पाहावे. राहिले असतील, तर आणखी एक फेरी द्यावी. तरीही राहिले, तर पॅड किंवा कंपाऊंड बदलायचे की पुन्हा ३००० चा पेपर लावायचा, याचा निर्णय याच दीड फुटात घ्यावा आणि मग तीच पद्धत उरलेल्या गाडीवर वापरावी. दर दोन-तीन भागांनंतर पॅड ब्रशने साफ करावा. त्यात साठलेले वाळलेले कंपाऊंड आणि क्लिअरचा भुगा नवे ओरखडे पाडतो.

कापणारे कंपाऊंड संपले की पॅनेल चमकते, पण गडद रंगावर उन्हात धुरकट वलये दिसतात. मध्यम आणि नंतर मऊ पॅडवर फिनिशिंगचे पॉलिश घेऊन, वेग कमी ठेवून आणि जवळजवळ मशीनच्याच वजनावर फिरवल्यास ती जातात. कंपाऊंडचा पॅड आणि पॉलिशचा पॅड कधीही एकमेकांसाठी वापरू नयेत. शेवटी सौम्य शॅम्पूने धुऊन कंपाऊंडचे तेल काढावे आणि गाडी मोकळ्या उन्हात काही मिनिटे फक्त पाहण्यासाठी न्यावी. ट्यूबलाइटखाली न दिसलेले दोष तिथे दिसतात.

कुठे मंद, कोरडा डाग दिसला आणि कितीही पॉलिश केले तरी तो ओला केल्यावरच चमकून वाळल्यावर पुन्हा मंद होत असेल, तर तिथले क्लिअर गेले आहे. कोणतेही पॉलिश तो भरून काढू शकत नाही. तो भाग जसाच्या तसा ठेवून पेंटरकडे न्यावा. अधिक घासल्यास दुरुस्तीचे क्षेत्रच वाढते.

पुढचे काही आठवडे

पॉलिश झालेले क्लिअर कोरडे दिसत असले, तरी त्यातून द्रावक आणखी काही आठवडे बाहेर पडत असते. या काळात मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग लावू नये. एक ते तीन महिने थांबायला सांगितले जाते आणि नेमका काळ क्लिअरच्या माहितीपत्रकात मिळतो. घट्ट बसणारे कव्हर घालू नये, ब्रशच्या यंत्रात गाडी धुवायला देऊ नये आणि चमक यावी म्हणून केरोसीन किंवा डिझेलचे फडके फिरवण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी मानू नये. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक आम्ल व साखरेमुळे ताज्या थरात लवकर उतरतात, म्हणून ते दिसताक्षणी भरपूर पाण्याने भिजवून, न घासता काढावेत.

दसऱ्याच्या तोंडावर गाडी रंगवून घेणाऱ्यांची संख्या मोठी असते, त्यांनी एक काळजी अवश्य घ्यावी. ओल्या हळदी-कुंकवाचे स्वस्तिक बॉनेटवर न काढता समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढावे, कारण हळदीचा पिवळेपणा मऊ क्लिअरमध्ये मुरतो. झेंडूचा हार रात्रभर रंगावर ठेवू नये आणि तो तारेने न बांधता सुती दोऱ्याने बांधावा. हाच नियम धुळवडीच्या रंगांनाही लागू आहे. गाडीवर रंग उडालाच, तर कोरडा असताना पुसू नये, आधी पाण्याचा झोत सोडावा आणि मग शॅम्पूचे फडके लावावे.